आवाज मोठा, तरी शब्द का कळत नाहीत?

गणपती जवळ आले की ध्वनिमर्यादेच्या बातम्या सुरू होतात. पोलिसांची मंडळांबरोबर बैठक होते, डीजेवरच्या कारवाईची चर्चा होते, डेसिबलचे आकडे छापून येतात. ते आकडे नेमकं काय मोजतात, हे मात्र बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. पुढे तुळशीचं लग्न झालं की तळकोकणात जत्रांचा हंगाम येतो, रात्र रात्र दशावतार हे लोकनाट्य रंगतं, आणि मागे बसलेल्यांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आवाज येता, पण काय बोलतत ता कळना नाय."

एकीकडे आवाज जास्त झाल्याची तक्रार, दुसरीकडे शब्द पोहोचत नसल्याची. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. आवाज ही एकजिनसी वस्तू आहे आणि ती लहान-मोठी करायला एक बटण पुरतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात माईकपासून स्पीकरपर्यंत जागोजागी आवाजाचे भाग वेगळे करता येतात, काही ठेवता येतात, काही काढता येतात. आपल्याकडच्या मांडवांत आणि देवळांसमोर आवाज वाढवण्यावर जो खर्च होतो, त्यातला थोडा जरी नको तो भाग काढण्याकडे वळवला, तरी शब्द कळतील आणि पलीकडची वाडीही झोपेल, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे समजायला सुरुवातीपासून जाऊ.

## तारेतून जातं ते काय?

भजन म्हणणाऱ्या बुवांनी तोंड उघडलं की समोरची हवा दाबली जाते आणि सैल होते. ही दाब-सैल पुढे पुढे सरकत जाते, सेकंदाला साधारण ३४० मीटर वेगाने. माईकमध्ये एक पातळ पडदा असतो, तो या दाबाबरोबर हलतो. नेहमीच्या हातातल्या माईकमध्ये त्या पडद्याला तारेची बारीक कॉइल चिकटवलेली असते आणि तिच्याभोवती लोहचुंबक असतं. कॉइल हलली की तारेत वीज तयार होते, जेमतेम काही मिलिव्होल्ट. हवेतला दाब जसा वर-खाली झाला, तसंच हे व्होल्टेज वर-खाली होतं. या बदलत्या व्होल्टेजला सिग्नल म्हणतात. पुढची सगळी यंत्रं काम करतात ती त्याच्यावर.

सेकंदाला किती वेळा वर-खाली, हे मोजायचं एकक हर्ट्झ. तरुण, धडधाकट कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. वय वाढतं तसं वरचं टोक आधी जातं. ढोलाचा ठोका खालच्या बाजूला, झांजेचा छणकार वरच्या बाजूला, माणसाचा आवाज मधल्या मोठ्या पट्ट्यात. पण यातलं काहीही एकाच हर्ट्झचं नसतं. फ्रेंच गणिती फूरिए यांनी १८२२ साली उष्णतेवर लिहिलेल्या ग्रंथात एक विलक्षण गोष्ट मांडली: कितीही वेडीवाकडी लाट असली, तरी ती साध्या, गुळगुळीत लाटांची बेरीज म्हणून लिहिता येते. म्हणजे पेटीचा एक सूर हा प्रत्यक्षात अनेक सुरांचा मेळ असतो, आणि 'बेस कमी करा' म्हणजे त्या बेरजेतल्या खालच्या लाटा लहान करा. बेरीज आहे, म्हणूनच वजाबाकी शक्य आहे.

विजेशिवायही हे होतं. पखवाजी बसण्याआधी डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक थापतो. पुडीचं वजन वाढतं, ती सावकाश कंप पावते आणि सूर खाली उतरतो. आवाजाचा आकार बदलण्याचं हे शास्त्र आपल्या देवळांत ॲम्प्लिफायर येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

आता डेसिबल. हे माप साध्या बेरजेने चढत नाही. ताकद दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, दहापट केली की १०. आणि कानाला आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. याचा अर्थ, ५०० वॉटच्या जागी १००० वॉटचा ॲम्प्लिफायर आणला तर फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा, म्हणजे नीट लक्ष दिलं तर कळेल इतका. मंडळाच्या बैठकीत "यंदा डबल वॉट" असा ठराव होतो, तेव्हा हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

## फिल्टर: काय जाऊ द्यायचं, काय अडवायचं

रापण ओढणाऱ्याला जाळ्याचा आस म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आस मोठा ठेवला की बारीक मासळी निसटते आणि मोठी राहते. फिल्टर हे सिग्नलसाठी असंच जाळं आहे: ठरावीक हर्ट्झच्या वरचं जाऊ देणारं, किंवा खालचं जाऊ देणारं, किंवा मधला एखादा पट्टाच धरणारं. फरक एवढाच, की जाळ्यातला मासा एक तर आत राहतो नाही तर बाहेर जातो. फिल्टरमध्ये अशी स्वच्छ रेघ नसते. तो उतारावर काम करतो. साध्यातला साधा फिल्टर एका सप्तकामागे, म्हणजे हर्ट्झ निम्मे होतील तसे, सुमारे ६ डेसिबल कमी करत जातो. जिथे सिग्नलची ताकद निम्मी होते, ती त्याची सीमा मानतात.

हे घडवायला दोन सुटे भाग पुरतात. कपॅसिटरमध्ये दोन पत्रे आणि मध्ये वीज न वाहू देणारा थर असतो. सावकाश बदलणारा प्रवाह आला की तो भरून जातो आणि वाट बंद होते. भराभर दिशा बदलणारा प्रवाह त्याला भरायला सवडच देत नाही, म्हणून तो पलीकडे पोहोचतो. कपॅसिटर अशा रीतीने वरचे सूर सोडतो, खालचे अडवतो. तारेची कॉइल नेमकं उलट वागते: झटकन बदलायला विरोध करते, म्हणून वरचे सूर अडतात आणि खालचे जातात. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १० किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला विरोध करणारा भाग, एकत्र जोडले की सीमा येते १५९ हर्ट्झवर. रेझिस्टर २० किलोओहमचा केला की ती ८० वर उतरते. जुन्या ॲम्प्लिफायरवरची बेस-ट्रेबलची गोल बटणं फिरवताना आत असाच रेझिस्टर बदलत असतो.

मूळ गरज टेलिफोनवाल्यांची होती. एका तारेवरून अनेक संभाषणं पाठवून दुसऱ्या टोकाला ती वेगळी करायची होती, आणि त्यासाठी १९१५ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज कॅम्पबेल आणि जर्मनीत कार्ल वाग्नर यांनी स्वतंत्रपणे असे फिल्टर बांधले. आज मोठ्या स्पीकरची पेटी उघडली तरी तेच दिसतं. मोठ्या शंकूकडे जाणाऱ्या वाटेवर कॉइल, वरचे सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरकडे, म्हणजे ट्विटरकडे, जाणाऱ्या वाटेवर कपॅसिटर. याला क्रॉसओव्हर म्हणतात. तो नसेल तर ढोलाचा धक्का थेट ट्विटरवर जातो आणि बिचारा ट्विटर जळतो.

देवळावरचा भोंगा हाही एक फिल्टरच, फक्त पत्र्याचा. त्याच्या आकारामुळे खालचे सूर बाहेर पडतच नाहीत. म्हणून त्यातून गाणं कर्कश लागतं, पण "उद्या सकाळी नऊ वाजता ग्रामसभा" ही सूचना लांबवर कळते.

## बेस काढला तर भजन पाणचट नाही का होणार?

हा आक्षेप अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर मिक्सरवर आहे, म्हणजे सगळे माईक जिथे एकत्र येतात त्या यंत्रावर. बेस सगळ्यांचा काढायचा नसतो. पखवाजाच्या माईकचा ठेवायचा, बुवांच्या माईकचा काढायचा.

माणसाच्या बोलण्यात शंभर हर्ट्झच्या खाली कामाचं फारसं काही नसतं. माईकमध्ये मात्र तिथे बरंच काही शिरतं: स्टेजवर आपटलेले पाय, स्टँडला लागलेला धक्का, वारा, शेजारच्या पखवाजाची घुमी. शिवाय हातातला माईक ओठांना टेकवून गायलं की त्याची रचनाच अशी असते की खालचे सूर फुगतात. दशावतारात राक्षस घुमतो आणि फळ्यांवर पाय आपटतो, तेव्हा तो धडधडाट त्याच माईकवर बसतो ज्यावरून त्याचे शब्द जायचे असतात. बहुतेक मिक्सरवर माईकच्या रांगेत 'लो कट' नावाचं, खालचे सूर कापणारं एक छोटं बटण असतं, बहुतेक वेळा ८० किंवा १०० हर्ट्झचं. बोलण्याच्या आणि गाण्याच्या प्रत्येक माईकवर ते दाबलेलं असावं. सगळ्या मिक्सरवर याहून स्वस्त सुधारणा दुसरी नाही, आणि मी पाहिलेल्या कित्येक कार्यक्रमांत ते बटण वरच असतं.

आता शब्द कुठे राहतो ते पाहू. 'कान', 'पान', 'तान' हे तीन शब्द म्हणून पाहा. 'आ' आणि 'न' सारखेच. फरक आहे पहिल्या व्यंजनाच्या एका क्षणात. स्वरांमध्ये जोर असतो आणि तो बहुतांशी हजार हर्ट्झच्या आसपास किंवा खाली. व्यंजनं ओळखू येतात ती साधारण दोन हजारांच्या वरच्या पट्ट्यात, 'स' आणि 'श' तर त्याहूनही वर. तिथे ताकद अगदी कमी असते. म्हणून सगळं सारखंच वाढवलं की आधी स्वर आणि घुमी मोठी होते, व्यंजनं त्यात बुडतात, आणि लोकांना आवाज येतो पण शब्द येत नाही. खालचं कापून दोन-तीन हजारांच्या आसपास थोडंसं उचललं, की तेच वाक्य कमी आवाजात उलगडतं.

मुंबईला फोन केल्यावर "स सोन्याचा की फ फणसाचा?" असं विचारावं लागायचं, त्याचं कारण हेच. जुन्या टेलिफोनच्या तारेवरून फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा जायचा. बोलणं कळायला तेवढं पुरतं, पण 'स' आणि 'फ' यांना वेगळं करणारा भाग बाहेरच राहतो. आताच्या फोर-जी कॉलमध्ये पट्टा साधारण ७००० पर्यंत गेला आहे, म्हणून घरचा आवाज एकदम जवळचा वाटू लागला.

दशावताराच्या बाबतीत हे जास्त जिव्हाळ्याचं आहे. तिथे लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं, संवाद कलाकार उभ्या उभ्या रचतो. त्या रात्रीचा जबाब त्या रात्रीच असतो. तो मागच्या रांगेपर्यंत पोहोचला नाही, तर तो कुठल्याही पुस्तकात नंतर वाचायला मिळणार नाही.

## माईक शिट्टी का मारतो?

माईकने आवाज घेतला, स्पीकरने दिला, तोच आवाज हवेतून फिरून पुन्हा माईकमध्ये शिरला. एका फेरीत तो जेवढा कमी होतो त्यापेक्षा ॲम्प्लिफायरने जास्त वाढवला, तर प्रत्येक फेरीत वाढतच जातो आणि एका क्षणी ती किंचाळी फुटते. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो.

यातली कळीची गोष्ट अशी, की शिट्टी सगळ्या सुरांवर एकदम होत नाही. त्या जागेच्या भिंती, तो माईक, तो स्पीकर मिळून एखाददुसरा सूरच आधी हद्द ओलांडतो. साऊंडवाला घाबरून पूर्ण आवाज खाली ओढतो, शिट्टी थांबते, आणि शब्दही गेले. त्याऐवजी तेवढाच सूर कापायचा असतो. त्यासाठी इक्वलायझर: ऐकू येणाऱ्या पट्ट्याचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळी दांडी दिलेलं यंत्र. मोठ्या संचात ३१ दांड्या असतात. लोक येण्याआधी, मोकळ्या मांडवात माईक चालू करून आवाज हळूहळू वाढवायचा. जो सूर आधी रडू लागेल त्याची दांडी तीन ते सहा डेसिबल खाली. पुन्हा वाढवायचा, पुढचा सूर शोधायचा. अशा दोन-तीन फेऱ्यांत बरंच मिळतं. "हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणत माईकवर टिचक्या मारण्यात जाणारा वेळ या कामाला दिला तर रात्र सुखाची जाते. त्यापुढे मात्र थांबायचं, कारण दहा ठिकाणी कापलं की आवाज भोपळ्यात बोलल्यासारखा होतो.

पण फिल्टरच्या आधी अंतर येतं. तोंडापासून ६० सेंटिमीटरवर असलेला माईक १५ सेंटिमीटरवर आणला, तर १२ डेसिबल फुकट मिळतात. तेवढेच डेसिबल ॲम्प्लिफायरकडून मिळवायचे तर सोळापट ताकद लागेल. दशावतारात वरून टांगलेले माईक असतात आणि कलाकार फिरत असतो, म्हणून तिथे शिट्टीचा त्रास पाचवीला पुजलेला. त्यात चालू माईकची संख्या दुप्पट केली की शिट्टीच्या आधी मिळणारी मोकळीक ३ डेसिबलनी घटते. सहा टांगण्यापेक्षा तीन चांगले, आणि शक्य असेल तिथे गालाशी लावायचा बारीक बिनतारी माईक सगळ्यांत चांगला. मुकुट-दागिन्यांच्या गर्दीत तो दिसतही नाही.

## आवाज फाटतो तेव्हा

ॲम्प्लिफायर जेवढं व्होल्टेज देऊ शकतो त्यापेक्षा जास्त मागितलं, तर लाटेचा माथा सपाट कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात, मिक्सरवरचा लाल दिवा त्याचाच. गुळगुळीत लाट चौकोनी होत गेली की मूळ सुरात नसलेले तिप्पट, पाचपट, सातपट हर्ट्झचे सूर त्यात जन्माला येतात. ते कानाला टोचतात आणि ट्विटरला जाळतात. मोठ्या ॲम्प्लिफायरने स्पीकर जळतो हे खरं, पण कोपऱ्यापर्यंत पिळलेल्या लहान ॲम्प्लिफायरनेही जळतो, हे फार कमी जण लक्षात घेतात.

कुजबुज आणि गर्जना एकाच माईकवर येणार असतील तर कॉम्प्रेसर कामाला येतो. ठरवलेल्या पातळीच्या वर सिग्नल गेला की तो आपोआप आवरतो. प्रमाण ३ ला १ ठेवलं, तर वर गेलेल्या प्रत्येक ३ डेसिबलमागे बाहेर फक्त १ वाढतो. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, बुवा चढा आलाप घेऊन लगेच हळू आवाजात टोमणा मारतात. माफक कॉम्प्रेसर लावला की दोन्ही पोहोचतात. जास्त लावला तर गाण्यातला चढउतारच सपाट होतो आणि भजनाचा जीव जातो. इको या बटणाबद्दलही तेच म्हणेन. उघड्यावरच्या गाण्याला थोडा इको शोभतो, पण निवेदकाच्या माईकवर तो अजिबात नको. आधीच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर चढते.

## गुणगुण काढता येते, गाज काढता येत नाही

स्पीकरमधून सतत येणारी 'ऊंऽऽ' ही घरगुती विजेची ५० हर्ट्झची कंपनं आणि तिच्या १००, १५० या पटी. ती अगदी अरुंद जागेत असते, म्हणून तेवढीच काढणारा फिल्टर, ज्याला नॉच म्हणतात, तो बाकी आवाजाला फारसा धक्का न लावता ती उचलतो. जत्रेत जनरेटर असेल तर लोड बदलेल तसे हे ५० थोडे सरकतात आणि अरुंद नॉच चुकतो. खरा उपाय तारेत आहे. तीन पिनांच्या बॅलन्स्ड केबलमध्ये एकच सिग्नल दोन तारांवरून उलटसुलट जातो. वाटेत शिरलेली गुणगुण दोन्हींवर सारखीच बसते. दुसऱ्या टोकाला एकातून दुसरा वजा केला की गुणगुण शून्य आणि सिग्नल दुप्पट.

इथे एक कळकळीची विनंती. गुणगुण जाते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायची सवय काही ठिकाणी आहे. ओली जमीन, पावसाळी मांडव, हातात धातूचा माईक आणि ओठ त्याला टेकलेले, अशा वेळी ती पिन म्हणजे गाणाऱ्याचा जीव आहे. ती कधीही काढू नका.

समुद्राची गाज मात्र वेगळी. ती खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत पसरलेली असते, म्हणजे जिथे शब्द आहेत तिथेच तीही आहे. फिल्टरने ती काढायला गेलं की शब्दही जातात. किनाऱ्यावर बोलणाऱ्याचं चित्रीकरण करणाऱ्याला माईक तोंडाजवळ नेण्यावाचून पर्याय नाही. वारा त्या मानाने खालच्या पट्ट्यात असतो, लो कटने बराच जातो. पण जोराचा वारा माईकचा पडदाच टोकाला नेऊन थांबवतो, आणि पुढे कितीही फिल्टर लावले तरी हरवलेली लाट परत येत नाही. म्हणून माईकवर फोम किंवा केसाळ टोपी आधी. आणि खाऱ्या हवेने गंजलेल्या पिनांची खरखर ही कुठल्याही फिल्टरने जात नाही, ती पिना साफ करूनच जाते.

## आकड्यांतला फिल्टर

आजच्या डिजिटल मिक्सरमध्ये कपॅसिटर न बदलता हे सगळं होतं. सिग्नलची उंची सेकंदाला ४८,००० वेळा मोजून आकडे केले जातात. मग फिल्टर म्हणजे निव्वळ अंकगणित. समजा आकडे आले १०, उणे १०, १०, उणे १०. ही झपाट्याने बदलणारी लाट. शेजारच्या दोन-दोन आकड्यांची सरासरी काढली की सगळीकडे शून्य. आता १०, १०, ९, ९ अशी सावकाश लाट घ्या. सरासरीनंतर ती जवळजवळ तशीच राहते. एवढ्या बेरजेने वरचे सूर गेले, खालचे राहिले. सरासरीच्या जागी वजाबाकी केली तर उलटं होतं.

आकडे साठवूनही ठेवता येतात, आणि हा कोकणातल्या लांबट जत्रांसाठी मोठाच फायदा आहे. देवळापासून रस्त्यापर्यंत खांबांवर स्पीकर लावले की मागच्या माणसाला जवळचा स्पीकर आधी आणि स्टेजचा आवाज नंतर ऐकू येतो, कारण वीज तात्काळ पोहोचते आणि हवा ३४ मीटरला सेकंदाचा दहावा भाग घेते. प्रत्येक शब्द दोनदा आला की काहीच कळत नाही. मागच्या स्पीकरला तेवढाच उशीर लावायचा: अंतराचे मीटर भागिले ३४०. अनेक डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय आधीच असते, फक्त वापरली जात नाही.

सुराची दुरुस्तीही याच वाटेने आली. जमिनीखालचं तेल ध्वनिलहरींनी शोधण्याच्या कामातून आलेल्या अँडी हिल्डेब्रँड यांनी १९९७ मध्ये ऑटोट्यून आणलं. ते गायकाचा सूर मोजून जवळच्या नेमक्या सुरावर सरकवतं. आपल्या गाण्यात ते सांभाळून वापरावं, कारण दोन सुरांमधली मींड ही चूक आहे असंच त्याला वाटतं.

"मग ॲपमध्ये टाकून सगळं नंतर दुरुस्त करू" असं दशावताराचे व्हिडिओ काढणारी मुलं म्हणतात. सारखी राहणारी गुणगुण किंवा पंख्याचा आवाज ही ॲपं छान काढतात. फाटलेला माथा मात्र तिथे अंदाजाने भरला जातो, कारण मूळ माहितीच नोंदवलेली नसते. रेकॉर्डिंगची पातळी लाल दिव्याच्या बरीच खाली ठेवणं हीच खरी दुरुस्ती.

## पूर्वी माईकशिवाय चालायचंच की

चालायचं. प्रेक्षक कमी आणि जवळ असत, आसपास गाड्या नि जनरेटर नसत. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज वर निसटण्याऐवजी खाली वळतो आणि लांब जातो. ते दिवस आणि ती शांतता परत आणता आली तर माझ्यासारखा आनंदी माणूस नसेल. तोवर यंत्रं शहाणपणाने वापरायला हवीत.

## मीटरवर आकडा कमी, तरी कौलं का थरथरतात?

ध्वनी प्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी त्यांतली मर्यादा आहे. पण त्या डेसिबलपुढे 'ए' हे अक्षर असतं, आणि बातम्यांत नेमकं तेच गळतं. 'ए' म्हणजे मीटरच्या आत बसवलेला एक फिल्टर. हलक्या आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, तसेच ते मीटरलाही कमी दिसावेत म्हणून तो लावलेला असतो. १००० हर्ट्झला तो काहीच कमी करत नाही. १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वजा करतो आणि ५० हर्ट्झला ३०. म्हणजे ८५ डेसिबलचा ५० हर्ट्झचा दणका या मीटरवर ५५ दिसतो, दिवसाच्या मर्यादेत बरोबर बसणारा.

मीटर खोटं बोलत नाही. बोलण्याचा, भोंग्याचा, हॉर्नचा त्रास तो ठीक मोजतो, आणि नियमासाठी काहीतरी एक ठरलेलं माप लागतंच. पण 'ए' फिल्टर हलक्या आवाजातल्या कानावर बेतलेला आहे. आवाज चढला की कान खालच्या सुरांना एवढी सूट देत नाही, आणि कौलं, खिडकीच्या काचा, छाती तर मुळीच देत नाहीत.

त्यात वाट स्वतःच फिल्टरचं काम करते. चिऱ्याची जड भिंत वरचे सूर चांगले अडवते, खालचे त्या मानाने कमी. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी सात मीटरच्या घरात असते, घराला आणि दगडी गडग्याला वळसा घालून ती पुढे जाते. म्हणून डीजेजवळ गाणं ऐकू येतं आणि दोन वाड्या पलीकडे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसापर्यंत पोहोचतो तो फक्त धम्म, धम्म, धम्म.

कानाचा हिशेबही सांगायला हवा. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल 'ए' आठ तासांपर्यंत, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. ढोलपथकातल्या पोरांनी आणि स्पीकरच्या भिंतीशी नाचणाऱ्यांनी फोमचे इअरप्लग घालावेत. ताल त्यातूनही नीट कळतो.

ध्वनिमापकात 'ए'च्या शेजारी 'सी' असाही पर्याय असतो. तो ५० हर्ट्झलाही जेमतेम एक-दीड डेसिबल वजा करतो. एकाच जागी, एकाच वेळी दोन्ही आकडे घ्या. दोन्ही जवळजवळ असतील तर त्रास बोलण्याचा किंवा भोंग्याचा आहे. 'सी' पंधरा-वीसने जास्त आला तर त्रास बेसचा आहे. मग मंडळाला "आवाज बंद करा" म्हणण्याऐवजी "मोठ्या बेस स्पीकरची पातळी दहा डेसिबलनी उतरवा, गाण्याचं राहू दे" असं सांगता येतं. साऊंडवाल्याला हे काम क्रॉसओव्हरच्या एका बटणाने करता येतं, आणि स्पीकरसमोर उभ्या असलेल्यांना गाण्याचे शब्द आधीपेक्षा स्वच्छ ऐकू येतात.